ज्यांच्यासाठी नमन, त्यांनाही बसायला जागा

मी रत्नागिरी तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज गटाच्या कर्जाबद्दल किंवा हप्त्यांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते नमनाबद्दल, आणि आपल्या वाडीतल्या स्वमग्न मुलांबद्दल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं वाटेल. तेच सांगते.

मदतीसाठी प्रयोग लावणं आपल्या कोकणाला नवं नाही. देवळाचा जीर्णोद्धार काढायचा आहे, पालखीसाठी सहाण बांधायची आहे, शाळेला पत्रे घालायचे आहेत, की गावाला पहिलं आठवतं ते नमन, नाहीतर शक्ती-तुऱ्याची बारी. मुंबईकर मंडळी दामोदरला, साहित्य संघाला, पार्ल्याच्या दीनानाथला बहुरंगी नमन लावत आली आहेत. तिकिटं चाळीचाळींतून खपवायची, खर्च वजा जाता उरेल ते गावाला पाठवायचं. कितीतरी गावांतली देवळं अशी गण, गौळण आणि वगाच्या जिवावर उभी राहिली आहेत. आपल्याकडे एखादं घर आजारपणानं खचलं तरी भजनी मंडळं एक रात्र उभी राहतात.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. तिकडे आयर्लंडमध्ये गावातले वादक फिडल, बासरीसारखी टिन व्हिसल आणि बकऱ्याच्या कातड्याचं, आपल्या डफासारखं दिसणारं बोरान घेऊन गोल बसतात आणि पारंपरिक संगीत वाजवतात. आपल्या जाखडीत गाणारी-वाजवणारी मंडळी मध्ये बसतात आणि पायात चाळ बांधलेले नाचणारे भोवती फिरतात, त्याची आठवण यावी असं ते बसणं असतं. तिथंही शाळेसाठी, आजाऱ्यासाठी, स्वमग्न मुलांसाठी मदतीच्या मैफली होतात. जवळ पैसा नसला तरी गाणं-वाजवणं असतंच, आणि त्याच्या आधारानं पैसा उभा राहतो, हे तिकडच्या गावांनाही ठाऊक आहे.

तर असाच विषय आमच्या एका ग्रामसंघाच्या बैठकीत निघाला. स्वमग्न मुलांच्या घरांसाठी एक नमन लावूया, असं एका गटाच्या अध्यक्षांनी सुचवलं. सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. तेव्हा मागे बसलेली एक आई म्हणाली, "ताई, नमन लावाल ते चांगलंच. पण माझा बाबू तिथं बसेल काय? आवाज मोठा झाला की कान दाबून ओरडत सुटतो. शिमग्यात पालखी घरी येते, तेव्हा मी त्याला घेऊन मागच्या पडवीत असते. तीन वर्षं झाली, पालखीची ओटी मी स्वतः भरलेली नाही."

बैठक गप्प झाली. आपल्याकडे शिमग्याला चाकरमानी आणि माहेरवाशिणी जमतील तशा येतात. आणि ही बाई घरात असून पालखीपुढे जाऊ शकत नाही. तिच्या मुलासाठी आपण प्रयोग लावणार, आणि त्या रात्री ती मुलाला घेऊन घरीच बसणार. मग तो प्रयोग नक्की कोणासाठी?

मैत्रिणींनो, आधी स्वमग्नता म्हणजे काय ते थोडक्यात समजून घेऊ. हा संसर्ग नाही, वेड नाही आणि कुणाची बाधा तर नाहीच. मेंदूची घडण जन्मापासून वेगळी असते, म्हणून बोलणं, दुसऱ्याच्या नजरेला नजर देणं, खेळणं या गोष्टी वेगळ्या रीतीनं होतात. पुष्कळ मुलांना आवाज, उजेड, वास, अंगावरचं कापड हे सगळं आपल्यापेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतं. आपल्याला ढोल-ताशा ऐकून नाचावंसं वाटतं, तोच आवाज त्या मुलाला दुखतो. ते कान दाबतं ते हट्टानं नव्हे. त्याला खरोखर सहन होत नाही.

दुसरी गोष्ट, आईचा यात काही दोष नसतो. "तू लक्ष दिलं नाहीस", "मोबाइल दिलास म्हणून झालं" असं आईला ऐकवलं जातं. अमेरिकेतल्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली 11 मुलांचं वर्णन लिहिलं आणि स्वमग्नतेला नाव मिळालं. त्यानंतर कितीतरी वर्षं मोठमोठे तज्ज्ञसुद्धा म्हणत राहिले, की आईच्या मायेत कमी पडल्यामुळे मूल असं होतं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं पुस्तक लिहून तो समज खोडून काढला. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. शिकल्यासवरल्या जगाला हे कळायला इतका वेळ लागला. आपण आपल्या वाडीत तरी तो दोष आजपासून बंद करूया.

आता नमनाकडे परत येऊ. त्या बैठकीत आम्ही ठरवलं, की प्रयोग लावायचा तर असा, की ती मुलं आणि त्यांच्या आया आत बसू शकतील. हे काही जगावेगळं नाही. न्यूयॉर्कमध्ये 2011 साली 'द लायन किंग' या मोठ्या संगीत नाटकाचा एक प्रयोग खास स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसाठी केला गेला. नाटक तेच होतं. फक्त दचकवणारे आवाज आणि डोळ्यांवर येणारे दिवे कमी केले, आणि मधेच उठून बसायला बाहेर शांत जागा ठेवली. एवढं मोठं नाटक मुलांसाठी थोडं नमतं घेऊ शकतं, तर आपलं नमन का नाही घेणार?

काय काय करता येईल, ते एकेक सांगते.

पहिला आवाज. मृदंग आणि टाळ हे मुळात अंगणात ऐकू जावेत एवढेच वाजतात. त्रास होतो तो मोठ्या स्पीकरच्या भिंतींचा. त्या रात्री शाहिरापुढे एक माईक पुरे. मृदंगाला माईक नकोच. कायद्यानंही रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. म्हणून प्रयोग संध्याकाळी सहाला सुरू करून आठ-सव्वाआठला संपवायचा. रात्रभर चालणाऱ्या नमनाची सवय असलेल्यांना चुकल्यासारखं वाटेल, पण गण, गौळण आणि एक छोटा वग एवढ्यात बसतो.

दुसरी जागा. बंद सभागृहात आवाज घुमतो, त्यापेक्षा शाळेचं पटांगण बरं. या मुलांच्या घरांना पुढची मानाची रांग देऊ नका. कडेची, वाटेजवळची जागा द्या, म्हणजे उठून जाता येतं. शाळेचा एक वर्ग उघडा ठेवायचा, तिथं चटई, पाणी आणि मंद दिवा. कुणी ओरडलं, उठून फिरलं, हात झटकत राहिलं तर बघत बसायचं नाही आणि "गप कर त्याला" असं तर म्हणायचंच नाही. प्रयोग सुरू होण्याआधी सूत्रधारानंच हे सगळ्यांना सांगून टाकायचं.

तिसरं, आधी ओळख. स्वमग्न मुलाला अचानक काही झालेलं सोसत नाही. पुढे काय होणार हे माहीत असलं की त्याची भीती कमी होते. संकासुराचा काळा वेश, उंच टोपी आणि लांब दाढी बघून साधी पोरंही आईच्या पदराआड लपतात. म्हणून तालमीच्या दिवशी दुपारी मुलांना घेऊन यायचं. संकासुरानं टोपी काढून चेहरा दाखवायचा, मृदंगावर हात ठेवू द्यायचा, चाळ हातात घेऊ द्यायचे. मोबाइलवर फोटो काढून घरी रोज दाखवायचे, की आधी हे येतील, मग हे नाचतील, मग आपण घरी.

इतकं करूनही एखादं मूल बसणार नाही. एखाद्याला मृदंगाचा ठेका इतका आवडेल, की ते डोलत राहील. एखाद्याला टाळाचा एक आवाजही चालणार नाही. सगळी मुलं सारखी नसतात. संगीतानं स्वमग्नता जाते असंही कुणी समजू नये. एका संध्याकाळी ते कुटुंब गावात, सगळ्यांबरोबर असावं, एवढाच आपला हेतू.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी प्रयोग मदतीसाठी आहे. समजा 100 रुपयांची 250 तिकिटं खपली, तर 25 हजार झाले. मांडव, माईक, मंडळाचा प्रवास आणि चहा यात 10 हजार गेले, तर 15 हजार उरले. त्याची खेळणी आणि खाऊ वाटून फोटो काढले तर ते एका दिवसात संपले. या घरांना खरी अडचण येते ती नेमानं करायच्या खर्चाची. बोलण्याचे आणि हातापायांच्या हालचालींचे उपचार आठवड्यातून एक-दोनदा, महिनोन्‌महिने करायचे असतात. एसटीत आपल्याला 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तरी दर फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. तिकिटापेक्षा ती मोठी. म्हणून आम्ही ठरवलं, की निधी प्रवासासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी, दर महिन्याला थोडा थोडा द्यायचा. दोन-तीन आया एकत्र जाणार असतील तर रिक्षाचं भाडंही त्यातून.

हिशेब आपल्या गटासारखाच ठेवायचा. वेगळी वही, पावती पुस्तक, आणि बैठकीत मोठ्यानं वाचन. कोणत्या घराला किती दिले ते वहीत राहू दे, नावं मात्र स्टेजवरून पुकारायची नाहीत. आणखी एक, नोंदणी नसलेल्या मंडळानं लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं ती घेतात. आपणही घ्यावी, किंवा नोंदणी असलेल्या संस्थेला बरोबर घ्यावं. आपल्या रत्नागिरीत आविष्कार संस्थेची सविता कामत विद्यामंदिर ही शाळा आणि श्यामराव भिडे कार्यशाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुला-मोठ्यांसाठी काम करतात. अशा जाणत्या लोकांचा सल्ला आधी घेतला तर आपला पैसा योग्य ठिकाणी जातो.

शिवाय जे सरकारकडून हक्कानं मिळतं, त्यासाठी नमनाचे पैसे खर्च करू नका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. बारा महिन्यांचं मूल नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, किंवा येणारे शब्द गेले असतील, तर त्या पथकाला स्पष्ट सांगा. "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारच्या दिव्यांगता आहेत, त्यात स्वमग्नता आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात ती नव्हती. त्यामुळे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. त्यावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात उपचारांच्या सत्रांचाही समावेश आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. या कागदांच्या कामात आपल्या गटातल्या लिहित्या मुलींनी एक-एका आईला धरून मदत केली, तर तीही वर्गणीच समजा.

शेवटची गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या दिवशी मुलांना स्टेजवर उभं करून हार घालू नका. "बघा ही बिचारी मुलं" असं म्हणून झोळी फिरवू नका. तिकीट घेणारा नमन बघायला आला आहे, त्याला चांगलं नमन दाखवा. मूल मात्र आईजवळ, आपल्या जागेवर, चटईवर बसलेलं असू दे. ज्याला टाळ्यांचा त्रास होतो त्याच्यासाठी सगळ्यांनी हात वर करून हलवले, तर शाहिराला दाद पोचतेच.

गणपतीत जाखडी सुरू होईल, मुंबईकर येतील, पुढे शिमगा आहे. तुमच्या ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या वाडीत असं घर आहे का, हे आधी विचारा. असेल तर त्या आईलाच विचारा, की आवाज किती चालेल, केव्हा आलेलं बरं, काय टाळायचं. तिला जे माहीत आहे ते आपल्या कुणालाच माहीत नाही. आणि शिमग्यात पालखी तिच्या दारात येईल, तेव्हा ढोलवाल्यांना फक्त पाच मिनिटं गप्प राहायला सांगा. तेवढ्यात तिची ओटी भरून होते.