माझ्या प्रिय गुरूंना
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्वाल्हेर हे ख्यालगायकीचे माहेरघर. या नगरीत, तेही मराठीच्या अध्यापकाने, पियानोविषयी बोलावे हे धार्ष्ट्यच म्हणावे लागेल. परंतु मला बोलायचे आहे ते वाद्याविषयी कमी आणि गुरुऋणाविषयी अधिक. गुरूचे नाव घेताना कानाची पाळी धरणाऱ्यांच्या या गावात तो विषय परका वाटू नये.

गाब्रिएल फोरे (१८४५-१९२४) हे फ्रान्सचे थोर संगीतरचनाकार. १८९६ पासून ते पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात रचनेचा वर्ग चालवीत. १८९८ मध्ये मोरिस रावेल हा तरुण त्यांच्याकडे शिकू लागला. गुण मोठे, पण परीक्षेच्या चौकटीत तो बसेना. पारितोषिक मिळाले नाही म्हणून १९०० साली नियमानुसार त्याचे नाव वर्गाच्या पटावरून कमी झाले. फोरे यांनी मात्र आपले दार लावून घेतले नाही. पुढेही काही काळ रावेल त्यांच्या वर्गात केवळ श्रोता म्हणून येऊन बसत असे.

अशा दिवसांत, १९०१ साली, त्याने पियानोसाठी ‘झ द ओ’ ही रचना केली. या शब्दांचा अर्थ पाण्याचे खेळ, कारंजी. लिस्टने १८७७ मध्ये कारंज्यांवर एक रचना केली होती. रावेल त्या वाटेने बराच पुढे गेला. वरच्या सप्तकांतून उडणारे स्वरांचे तुषार आणि एकाएकी खाली कोसळणारा स्वरौघ यांनी पियानोला जणू नवी वाणी दिली. ५ एप्रिल १९०२ रोजी रिकार्दो विन्येस यांनी ती पॅरिसमध्ये प्रथम जाहीरपणे वाजविली. रचनेवर अर्पण आहे ते ‘माझ्या प्रिय गुरूंना, गाब्रिएल फोरे यांना’.

श्रोतेहो, या अर्पणातील मर्म असे की, रचनेत गुरूंची नक्कल नाही. पाणी फोरे यांनाही प्रिय होते. त्यांच्या तेरा ‘बार्कारोल’, म्हणजे नावाड्यांच्या गीतांच्या लयीवरील पियानोरचना, प्रसिद्ध आहेत. परंतु गुरूंचे पाणी संथ, नावेला झुलविणारे, शिष्याचे उसळणारे. शिष्याने गुरूंचे पाणी त्यांनाच परत केले नाही, स्वतःचा झरा शोधून त्याची ओंजळ त्यांच्यापुढे धरली. फोरे यांनीही आपली ‘बॅलड’ ही पियानोरचना आपले गुरू सेंसाँस यांना अशीच अर्पण केली होती.

पुढे १९२२ मध्ये एका फ्रेंच संगीतविषयक मासिकाने फोरे यांच्या गौरवार्थ विशेषांक काढला. त्यासाठी त्यांच्या सात शिष्यांनी गुरूंच्या नावातील अक्षरांना स्वर नेमून रचना केल्या. एनेस्कूने पियानोसाठी केली, रावेलने व्हायोलिन आणि पियानोसाठी अंगाईगीत रचले. अक्षरे तीच, पण प्रत्येकाच्या हाती त्यांचे गाणे निराळे झाले.

हे वाचताना मला माझाच एक अपराध आठवतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मी सांगितलेला कवितेचा अर्थ बाजूला ठेवून स्वतःला जाणवलेला अर्थ उत्तरपत्रिकेत लिहिला. उत्तर सरस होते. तरीही मी त्याचे गुण कापले; कारण ते माझे नव्हते. तो वर्गात येत राहिला, परंतु त्यानंतर त्याने स्वतःचे म्हणून काही लिहिले नाही. माझेच शब्द तो सुवाच्य अक्षरात मला परत करीत राहिला. त्या वहीसारखी रिकामी गुरुदक्षिणा मला दुसरी ठाऊक नाही.

आपल्या या ग्रंथालयाकडे मी म्हणूनच कृतज्ञतेने पाहतो. परीक्षेच्या पटावरून ज्यांची नावे गेली, त्यांच्यासाठीही येथल्या वाचनकक्षात बाक रिकामा असतो, आणि वाचलेले तसेच्या तसे म्हणून दाखव, असे येथे कोणी सांगत नाही. शंभर वर्षे उघडे राहिलेले हे दार पुढेही असेच उघडे राहो, आणि आम्हा शिक्षकांना ते पाहून आपली दारे आठवोत, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.