गोधडीचा हिशेब



बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचे आकडे लिहिणाऱ्यांनी सभेत गोधडीवर बोलावे, याचे काहींना हसू आले असेल. परंतु सुईदोऱ्याचा नाद आम्हाला शाळेच्या वयापासूनचा. बी. ए. झालो, नोकरी लागली, संसार झाला. सुई सुटली नाही. गेली काही वर्षे रविवारी दुपारी आम्ही वस्तीतल्या लेकी-सुनांना गोधडी शिकवतो. काहींच्या गावी हिलाच वाकळ म्हणतात.

या वर्गाला खरा विरोध झाला तो आयांचा. “चिंध्या जोडायलाच का आम्ही पोरी शिकवल्या?” असे एका माउलीने तोंडावर विचारले. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. आपल्या आज्यांनी गोधड्या शिवल्या त्या काही हौसेने नव्हेत. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले लुगडे मिळायचे. ते दंड घालून नेसायचे आणि नेसण्यापलीकडे गेले की थरावर थर लावून त्यात दोरे भरायचे. नाशिकची पौषातली थंडी ज्यांनी कुडाच्या घरात काढली, त्यांना अधिक सांगायला नको. चार पैसे हाती आले तेव्हा घरातून पहिली बाहेर पडली ती गोधडी. सोलापुरी चादर आली, मग ब्लँकेट आले. त्या माउलीचा राग आम्हाला समजतो.

पण चिंधीची लाज धरण्यापूर्वी विनयपिटकाकडे एकदा पाहावे. भिक्षूंचे चीवर हे मुळात तुकड्यांचेच. मगध देशातील बांध घातलेली शेते पाहून भगवंतांनी आनंदाला विचारले, अशा आखणीचे चीवर करता येईल काय? आनंदाने तुकडे जोडून ते केले आणि भगवंतांनी त्याची प्रशंसा केली. पुढे कौशांबीच्या राजा उदयनाने आनंदाला विचारले, एवढ्या चीवरांचे तुम्ही करता काय? आनंदाने क्रम सांगितला : नवी चीवरे ज्यांची विरली त्यांना द्यायची, विरलेल्यांची आंथरुणे करायची, जुन्या आंथरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची बिछायत, तिची पायपुसणी, पायपुसण्यांची झटकणी, आणि शेवटी ती कुटून चिखलात कालवून लिंपणाला वापरायची. आमच्या आजीने विनयपिटकाचे नावही ऐकले नव्हते. तिचा क्रम मात्र जवळजवळ हाच होता. लुगडे, गोधडी, बाळाचे दुपटे आणि सर्वांत शेवटी सारवणाचे पोतेरे!

आता बँकेतल्या माणसाला विशेष भावणारी गोष्ट. आपल्या त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात तेथे, १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ती कोणाकडे? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे! २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. आम्ही कागदावर मांडून पाहिले. २००० चे वर्षाचे व्याज २४०, आणि वीस बारे २४०. एका कार्षापणाचाही फरक नाही. कापड विणणारी माणसे त्या काळी ठेवी सांभाळीत होती.

आणि आज? वर्गातल्या एका मुलीने मोठी गोधडी रोज तीन तास बसून चोवीस दिवसांत पुरी केली. म्हणजे ७२ तास. एका दुकानदाराने ९०० रुपये देऊ केले. तासाला साडेबारा रुपये पडले, दोऱ्याचा खर्च त्यातच! आम्ही गोधडी परत आणली. दुकानात काचेमागे ती ठेवली असती तर शिवणारीचे नाव तरी कोण सांगणार होते?

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे खेडे आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया, गुलामांच्या वंशातल्या, कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. १९६६ साली त्या भागातील स्त्रियांनी सहकारी संस्था काढली. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांच्या गोधड्या भिंतीवर लागल्या, शिवणाऱ्यांच्या नावांसह; पुढे २००६ मध्ये टपाल तिकिटांवरही आल्या. थंडीसाठीच शिवलेल्या होत्या त्याही.

म्हणून आमच्या वर्गात आता दोन गोष्टी सक्तीच्या आहेत. गोधडीच्या पाठीमागे कोपऱ्यात शिवणारीने आपले नाव दोऱ्याने घालायचे, आणि रोजचे तास वहीत मांडायचे. किंमत त्या वहीवरून ठरेल. त्या माउलीची सून येते. माउली अजून येत नाहीत.

ज्यांना यायचे असेल त्यांनी जुने सुती कापड धुऊन, खळ काढून आणावे. नायलॉनच्या साड्या आणू नयेत, थर सरकतात. दोरा कडेने सुरू करून चौकोनात आत-आत न्यायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवू. सुई आम्ही देऊ. वही ज्याची त्याने आणायची.