हिरड्यांची शस्त्रक्रिया आणि वीस वर्षांचा ताळेबंद

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य-व्याख्यानात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी, शिक्षणाने बी. कॉम.; वैद्यकशास्त्रातील अधिकारी व्यक्ती नव्हे. परंतु नऊ वर्षांपूर्वी माझ्या एका दाढेच्या हिरडीवर पुनर्जनन शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून या विषयावर मिळेल ते मी वाचीत आलो. आपल्याकडील अनेक वडीलधारी मंडळी ‘पायरिया झाला, दात हलतो, काढून टाकू’ असे म्हणून मोकळी होतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पायरियामध्ये दाताच्या मुळाभोवतीचे हाड झिजत जाते. हिरडी उघडून केवळ मूळ साफ केले, तर जखम भरते. पण हिरडीची त्वचा झपाट्याने वाढून मुळालगत खाली उतरते आणि हाडाला व दात धरून ठेवणाऱ्या तंतूंना पुन्हा वाढण्यास अवसर मिळत नाही. १९८२ साली स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठाच्या नायमन, लिंढे आदी संशोधकांनी मूळ आणि हिरडी यांच्यामध्ये पातळ पडदा ठेवून त्वचेची ही वाट अडविली. आतील पेशींना सवड मिळाली आणि नवे तंतू निर्माण झाले. पुढे या कामी जो कृत्रिम पडदा रूढ झाला, त्याच द्रव्याचा थर पावसाळी जाकिटांच्या ‘गोरटेक्स’ कापडात कित्येक वर्षे वापरला गेला, हे वाचून माझ्यासारख्या कापडवाल्यास कौतुक वाटले.

प्रश्न असा की, हे काम टिकते किती? इटलीतील कोर्तेल्लिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ४५ रुग्णांचा २० वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसती हिरडी उघडून साफसफाई केलेल्या गटात पहिल्या वर्षानंतर दाताची पकड सरासरी १.७ मिलिमीटर घटली आणि दोन दात गमवावे लागले. सुधारित पद्धतीने पडदा बसविलेल्या गटात ही घट केवळ ०.१ मिलिमीटर होती. २०२० साली त्यांनीच आणखी एक अभ्यास मांडला. जे दात काढण्यावाचून गत्यंतर नाही असे मानले जाते, त्यांवर ही शस्त्रक्रिया केली असता १० वर्षांनंतर ८८ टक्के दात जागेवर होते. दात काढून कृत्रिम दात बसविण्यापेक्षा एकूण खर्चही कमी आला.

मात्र या आकड्यांमागील एक अट ध्यानी घ्यावी. वीस वर्षांच्या त्या अभ्यासातील रुग्ण पहिले वर्षभर दरमहा आणि नंतर दर तीन महिन्यांनी तपासणी व सफाईसाठी येत होते. व्यापारी भाषेत सांगायचे, तर शस्त्रक्रिया हे भांडवल. देखभाल नसेल तर त्याचा घसारा अटळ आहे. तंबाखूचे व्यसन आणि अनियंत्रित मधुमेह हे भांडवल लवकर खातात. शिवाय ही शस्त्रक्रिया सरसकट उपयोगी नाही. हाडात खोल, अरुंद खाच असेल तेथे ती उत्तम साधते. हाड सर्वत्र सपाट झिजले असेल तेथे फारसा लाभ होत नाही.

आपल्या आचाराशी निगडित एक गोष्टही सांगणे अगत्याचे आहे. या शस्त्रक्रियेत वापरले जाणारे काही पडदे व हाडाची पूड गाय-बैल वा डुकरापासून मिळविलेली असते. दंतवल्कापासून केलेले एक औषध डुकराच्या दातांपासून बनते. पर्यायही आहेत: कृत्रिम पडदे, कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटची पूड, किंवा रुग्णाच्या स्वतःच्याच रक्तापासून वा हाडापासून केलेले साहित्य. मी सांगितलेल्या वीस वर्षांच्या अभ्यासातील पडदेही कृत्रिमच होते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ‘साहित्य कशापासून बनले आहे?’ हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. आपल्या दातास कोणता पर्याय लागू पडेल, हे तेच सांगू शकतील.

माझी दाढ आजही जागेवर आहे; दर तीन महिन्यांची तारीख मी दुकानाच्या दैनंदिनीत लिहून ठेवितो. आपणांस एवढीच विनंती की, हिरडीतून रक्त येऊ लागताच तपासणी करावी आणि दात काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी हिरड्यांच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.