अंगतपंगत व बियाण्यांची देवघेव

(ज्युबिलीच्या तयारीच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीचें जेवण बाहेरून मागवावें कीं घरोघरचें आणावें, हा प्रश्न आमच्यापुढें आला, तेव्हां आम्हांस आपल्याच धर्मग्रामांतील एका वृद्ध भगिनीची आठवण झाली. ती दरवर्षीं परसांत वाल लावी, आणि थंडीच्या दिवसांत त्याच शेंगांची पोपटी आम्हांस हटकून पाठवी. बीं ती राखेंत घोळून मडक्यांत ठेवीत असे. ती वारली, घर विकलें गेलें, आणि सामान काढतांना तें मडकें कचऱ्यांत गेलें. अनेक वर्षें आम्हीं ते वाल खाल्ले. पण मूठभर बीं मागून घ्यावें, हें आम्हांस एकदांही सुचलें नाहीं. दोष आमचा आहे.

पनवेलच्या भोंवतालीं आतां शेती थोडी उरली. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठीं गांवोगांवचीं भातखाचरें गेलीं; ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटनही झालें. याबद्दल येथें तक्रार करावयाची नाहीं. आपल्यापैकीं कित्येकांची चूल त्याच शहरावर पेटते. परंतु शेत गेलें कीं बीं मागोमाग जातें. तें दागिन्यासारखें पेटींत टिकत नाहीं, पेरलें तरच टिकतें. खाडीकांठच्या खाऱ्या जमिनींत तग धरणारें राता भात पूर्वजांनीं असेंच पिढ्यान्‌पिढ्या पेरून राखलें. पुढें पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें क्षार सोसणारे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ हे वाण काढले, त्या कामीं अशीं जुनीं भातेंच उपयोगी पडलीं.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेंत गेल्या नाहींत. पण गांवठी बियाणीं जमवून, पेरून व इतरांस देऊन त्यांनीं जें केलें, त्यासाठीं २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. बीं देणें-घेणें हा शेतकऱ्याचा हक्कच आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाच्या ३९ व्या कलमानें तो मान्य केला आहे.

आमची सूचना अशी. साष्टीकडील आपले बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं आगेरा करितात, नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठीं देवळांत आणितात. त्याच रविवारीं मिस्सेनंतर आपण आवारांत अंगतपंगत करावी. प्रत्येक घरानें एक पदार्थ आणावा, आणि जमल्यास त्याच भाजीचें बीं. आपल्यांत वसईकडचीं, गोव्याकडचीं, जालन्याकडचीं घरें आहेत. वर्षानुवर्षें एका बांकावर बसूनही शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजतें, हें पुष्कळांस ठाऊक नाहीं. ज्याच्या घरीं आणावयास कांहीं नसेल, त्यानें पाणी भरावें व पानें मांडावींत. कोणत्याही भांड्यावर नांवाची चिठ्ठी लावूं नये.

बियाण्याच्या पुडीवर मात्र ती अवश्य लावावी: बीं कशाचें, कोठून आणलें, केव्हां पेरावें. बीं खडखडीत वाळलेलें असावें. ओलसर पुडी शेजारच्या दहा पुड्या नासविते. दुकानांतील संकरित बियाण्याच्या झाडाचें बीं आणूं नये, तें मूळ झाडासारखें उतरत नाहीं. काकडीच्या दोन जाती शेजारीं लाविल्या असतील तर मधमाशा त्यांची सरमिसळ करितात, तसें प्रामाणिकपणें लिहावें. भाताला व वालाला तें भय थोडें. ज्यांस परसूं नाहीं त्यांनीं मिरची न्यावी. गच्चीवरच्या जुन्या डब्यांतही ती लागते. (आमच्या खिडकींत लागली आहे, आणि आम्ही कांहीं मोठे बागवान नव्हे.)

नेलेल्या बियाण्यांतून पुढल्या आगेऱ्यास मूठभर परत आणावें. कोणाचें उगवलें व कोणाचें नाहीं, याची वही आम्ही स्वतः ठेवूं. आणि त्या भगिनीच्या वालाची एखादी पुडी कोणाच्या फडताळांत चुकून राहिली असेल, तर ती कृपा करून आजच संध्याकाळीं आम्हांस आणून दाखवावी.