धीर मोजायला एकच पट्टी नको

राज्यभरातून आलेले डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि वाड्या-वस्त्यांवर पायी फिरणाऱ्या आशाताई,

भोगावतीकाठच्या पेणच्या आणि कुंडलिकाकाठच्या रोह्याच्या वतीने मी आपणां सर्वांचं मनापासून स्वागत करतो. विनोबांचं जन्मगाव गागोदे याच पेण तालुक्यातलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण रोह्याशी जोडलेलं. अशा परिसरात आपण या परिषदेत ताणाला शरीर कसं तोंड देतं यावर विचार करणार आहात, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

हा विषय आमच्या रोजच्या जगण्यातला आहे. गणपती तोंडावर आलेले असतात, पावसाला उघडीप नसते, मूर्ती वाळत नाहीत. पेण-हमरापूरच्या कारखान्यांत तेव्हा एकाची झोप उडते, दुसऱ्याचं पित्त उसळतं आणि तिसरा त्याच छपराखाली स्थिर हाताने मूर्तीचे डोळे आखत असतो. धाटावच्या एमआयडीसीतली रातपाळी एकाच्या अंगवळणी पडते, दुसऱ्याला ती वर्षानुवर्षं सोसत नाही. २६ जुलै २००५ची अतिवृष्टी आणि ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ या जिल्ह्याने झेललं. संकट एकच होतं, पण प्रत्येकाच्या शरीराने ते वेगळं सोसलं.

अशा वेळी आपण एकाला धीट आणि दुसऱ्याला भित्रा म्हणून मोकळे होतो. पण हा फरक फक्त धीराचा नसतो, शरीराचाही असतो. जर्मनीतल्या ट्रिअरच्या संशोधकांनी २० निरोगी पुरुषांना पाच वेळा परक्या माणसांपुढे भाषण आणि तोंडी हिशेब करायला लावले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १३ जणांचं शरीर लवकर सरावलं. उरलेल्या ७ जणांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मात्र दर वेळी चढतच राहिलं. सगळेच निरोगी होते. आनुवंशिकता, बालपणीचे हाल, झोप, वय, जुने आजार या साऱ्यांचा अशा फरकात वाटा असतो. वरून शांत दिसणाऱ्याचाही रक्तदाब चढलेला असू शकतो.

म्हणून यजमान या नात्याने एक कळकळीची विनंती करतो. समोर आलेल्या माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगून परत पाठवू नका. त्याची झोप, भूक, छातीतली धडधड विचारा. न कुरकुरणाऱ्याचाही रक्तदाब मोजा. कारखान्यांत आणि पाळ्यांवर राबणाऱ्यांची तपासणी त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून कशी करता येईल, याचा आराखडा या परिषदेतून निघावा. तो राबवायला आम्ही पेण-रोहेकर आपल्याबरोबर उभे राहू, असा शब्द देतो आणि आपलं पुन्हा स्वागत करून थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!