पंख्याची वायर आणि कोर्टाची तारीख

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय ‘स्त्रिया आणि तंत्रज्ञान’. विषय मोठा आहे, पण मी त्यावर मोठं काही बोलणार नाही. मी एका पंख्याबद्दल बोलणार आहे. घरातल्या नव्हे, गाडीतल्या. रेडिएटरच्या मागे असतो तो. आपल्या संस्थेच्या जुन्या गाडीत तो हाताने सुरू करायचं बटण आम्ही दोघींनी बसवलं, त्याची ही गोष्ट. ती सुरू होते मात्र माझ्या एका चुकीपासून.

२०१७ सालचा एप्रिल. चिपळूणकडच्या एका गावातली बाई तिच्या बहिणीकडे राहत होती. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलेलं, दोन मुलं. सासर घाटावर. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ सालच्या कायद्याखाली तिने अर्ज केला होता. राहत्या घरातून आपल्याला बाहेर काढता येणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात, ते इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. चार तारखा वाया गेल्यावर ही पाचवी, आणि त्या दिवशी तिचं म्हणणं ऐकलं जाणार होतं.

सकाळी सातला आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट सुरू झाला. पुढे मालाने भरलेले ट्रक, मागे एसटी, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगतेय. टेंपरेचरचा काटा चढायला लागला आणि लाल पट्टीला टेकला. बॉनेटखालून वाफ. गाडी कडेला घेतली, अर्धा तास थांबलो, पाणी घातलं, निघालो. दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा एक ट्रक ड्रायव्हर उतरून आला. त्याने आत डोकावून सांगितलं, ‘‘ताई, पंखाच फिरत नाहीये.’’ स्वतःकडचा वायरीचा तुकडा घेऊन त्याने पंखा थेट बॅटरीला जोडला. पंखा घरघरत सुरू झाला. दहा मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत.

कोर्टात पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पुकारा होऊन गेलेला. अर्जदार गैरहजर. पुढची तारीख पाच आठवड्यांनी.

ती बाई मला काही बोलली नाही. काजूच्या कारखान्यात ती रोजंदारीवर होती. परत येताना एवढंच म्हणाली, ‘‘आता पुन्हा खाडा मागायला हवा.’’

मी गाडीला दोष दिला, घाटाला दिला, उन्हाला दिला. पण खरं सांगते, दोन महिने मी बघत होते की बाजारपेठेत गर्दीत अडकलं की काटा वर जातो आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की खाली येतो. त्याचा अर्थ काय, हे मी कुणाला विचारलं नाही. गाडी चालवायला शिकले याचा अभिमान होता, पण बॉनेट उघडणं हे आपलं काम नाही, असं मनात कुठेतरी पक्कं बसलेलं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना श्रमविभागणीवर मी निबंध लिहिले होते. ती श्रमविभागणी माझ्याच हातात बसली होती, ते दिसलं नाही. आणि त्याची किंमत मोजली ती माझ्याहून गरीब असलेल्या बाईने.

पुढे गॅरेजमध्ये गेलो. माझ्याबरोबर आमच्या कार्यालयातला अठरा वर्षांचा मुलगा होता. प्रश्न मी विचारायची, मेकॅनिक उत्तर त्याला द्यायचा. त्या मुलाला सायकलचं पंक्चर काढता येत नव्हतं. शेवटी मला म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका. साहेब कधी येतील?’’ साहेब येणार नव्हते, कारण साहेब नव्हतेच.

तेव्हा आमच्या गटातल्या एका मुलीची आठवण झाली. तिने आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेला. पण कुणी काम देत नव्हतं, म्हणून शिवणकाम करत होती. ती म्हणाली, ‘‘ताई, गाडीची वायरिंग मी केलेली नाही. पण वीज ती वीजच. बघू या.’’ आम्ही बघितलं.

आता मुद्द्याचं. इंजिनमधली उष्णता पाणी, म्हणजे कूलंट, वाहून रेडिएटरमध्ये आणतं आणि तिथे ती हवेत सोडली जाते. गाडी वेगात असली की समोरून वारा मिळतो. गर्दीत आणि चढावर मात्र वेग नसतो आणि इंजिनाला काम जास्त असतं. तिथे पंखा लागतो. म्हणूनच आमचा काटा बाजारात वर जायचा. पंखा चोवीस तास चालत नाही. रेडिएटरवर एक थर्मोस्विच असतो. पाणी साधारण ९० ते ९५ अंशांपर्यंत तापलं की तो आपोआप लागतो आणि पंखा सुरू होतो. नव्या गाड्यांत हे काम संगणक करतो. आमची गाडी जुनी, तिच्यात बॅटरी, फ्यूज, थर्मोस्विच, पंखा आणि शेवटी गाडीची बॉडी, असा सरळ मार्ग होता.

दोष कुठे आहे ते आधी शोधायचं. आम्ही फ्यूज पाहिला, ठीक होता. पंख्याला बॅटरीवरून थेट वीज दिली, पंखा फिरला. म्हणजे मोटर चांगली. मग थर्मोस्विचची दोन टोकं काढून एकमेकांना जोडली, पंखा फिरला. म्हणजे स्विच मेलेला. नवा स्विच बसवला. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण हा स्विच पुन्हा एखाद्या दिवशी न सांगता मरणार, आणि तो दिवस कुणाच्या तरी तारखेचा असणार. म्हणून दुसरा मार्ग, आपल्या हातातला, टाकायचं ठरवलं.

पहिला विचार असा आला, की डॅशबोर्डवर एक बटण लावू आणि त्यातूनच पंख्याला वीज देऊ. ही चूक करू नका. पंखा १० ते १५ अँपिअर घेतो आणि सुरू होताना त्याहून जास्त. छोटं बटण तेवढ्या विजेने तापतं, वितळतं, आगही लागू शकते. म्हणून मध्ये रिले लावायचा. रिले म्हणजे थोड्या विजेने जास्त वीज चालू-बंद करणारी डबी. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. तिच्या चार पायांवर आकडे असतात : ३०, ८५, ८६ आणि ८७. आकडे कळले की रिले कळला.

३० नंबरला बॅटरीच्या अधिक टोकापासून वायर आणायची. या वायरीत २० अँपिअरचा फ्यूज, आणि तोही बॅटरीच्या अगदी जवळ. कारण वायर मध्येच कुठे घासून बॉडीला टेकली तर फ्यूज उडाला पाहिजे, वायर जळता कामा नये. ८७ नंबरवरून वायर पंख्याच्या अधिक वायरीला जोडायची. थर्मोस्विचची वायर तिथून काढायची नाही, दोन्ही राहू द्यायच्या. म्हणजे आपोआप चालणंही शाबूत राहतं. या दोन्ही वायरी जाड हव्यात, अडीच चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. ८५ नंबर बॉडीला, रंग खरवडून उघड्या लोखंडावर. आणि ८६ नंबरला डॅशबोर्डवरच्या बटणातून येणारी बारीक वायर. या बटणाला वीज द्यायची ती किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरीवरून, छोटा फ्यूज घालून. म्हणजे बटण चालू राहिलं तरी किल्ली काढली की आपला मार्ग बंद होतो आणि बॅटरी उतरत नाही. बटण दिवावालं घ्या, चालू आहे ते दिसतं.

काम करताना आधी बॅटरीचं उणे टोक काढायचं आणि सगळं झाल्यावर शेवटी लावायचं. धातूच्या बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवायचं. यावर इथे वाद नको! १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण बॅटरीच्या टोकाला पाना आणि बॉडीला बांगडी एकाच वेळी टेकली तर बांगडी लाल होते. पदर खोचायचा, ओढणी काढायची, वेणी बांधायची, कारण काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो. आणि इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उकळतं पाणी तोंडावर येतं. मी घाटात ते फडक्याने उघडलं होतं. वाचले, एवढंच.

बटणाची वायर पत्र्याच्या भोकातून आत आणताना रबरी बूच घालायला आम्ही विसरलो होतो. त्या मुलीच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, पुन्हा सगळं उघडलं. पहिल्या चाचणीत पंखा उलटा फिरला, कारण पंख्याच्या कनेक्टरमधल्या दोन वायरी आम्ही उलटसुलट घातल्या होत्या. दोन्ही चुका सांगते, कारण पुरुषांच्या चुकांना ‘अनुभव’ म्हणतात आणि बायकांच्या चुकांना ‘तरी सांगत होतो’ म्हणतात. आपण आपल्या चुकांना अनुभव म्हणायला शिकू या.

मर्यादाही सांगते. बटण म्हणजे दुरुस्ती नव्हे. पाणी गळत असेल, वॉटर पंप गेला असेल, रेडिएटर गाळाने भरला असेल, तर पंखा कितीही फिरवा, गाडी तापणारच. आणि नव्या, संगणकावर चालणाऱ्या गाड्यांत आपल्या मनाने वायरी तोडू नका. तिथे पंख्याचा रिले आणि फ्यूज कुठे आहे तेवढं माहीत करून घ्या. गाडी तापलीच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात लावा. इंजिनातली थोडी उष्णता आत येते. घामाघूम व्हाल, पण सुरक्षित जागा मिळेपर्यंत वेळ मिळतो. मग इंजिन बंद करून थांबा.

एक जुनी गोष्ट सांगते. मोटारगाडीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला. बेर्टा बेंझ. १८८८ सालचा ऑगस्ट. जर्मनीतल्या मानहाइमहून ती दोन मुलांना घेऊन नवऱ्याला न सांगता निघाली आणि शंभरेक किलोमीटरवरच्या आपल्या माहेरी, फोर्झहाइमला पोचली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. एका वायरीचं आवरण गेलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. आणि त्या गाडीला पंखा नव्हता. पाणी उकळून उडून जायचं, म्हणून जागोजागी थांबून ती पाणी भरत होती. गाडीच्या कामात तिच्या हुंड्याचा पैसा होता. १८८६ सालच्या पेटंटवर नाव होतं ते नवऱ्याचं, कार्ल बेंझचं. म्हणजे गाडीचं यंत्र बाईच्या हाताला परकं कधीच नव्हतं, परकं केलं गेलं.

मी असं म्हणत नाही की प्रत्येकीने मेकॅनिक व्हावं. ट्रक ड्रायव्हरने मदत केली, त्याचे उपकार आहेतच. पण आपण बायकांना सांगतो, की पोलीस ठाण्यात तक्रारीची प्रत मागा, डॉक्टरांना औषधाचं नाव विचारा, सही करण्याआधी कागद वाचा. हे सगळं कशासाठी? ज्ञान ज्याच्या हातात, निर्णय त्याच्या हातात. मग बॉनेट त्यातून का वगळायचं? ‘काय बिघडलंय ते मला सांगा, त्याला नको,’ असं गॅरेजमध्ये म्हणणं हीदेखील चळवळच आहे.

पाच आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्याच घाटाने गेलो. पुढे तसेच ट्रक. काटा अर्ध्यावर आला, मी बटण दाबलं, दिवा लागला, पंख्याचा आवाज आला. काटा तिथेच थांबला. ती बाई मागच्या सीटवर होती. तिने विचारलं, ‘‘हे तुम्ही केलंत?’’ मी म्हटलं, आम्ही दोघींनी. ती म्हणाली, ‘‘मग मलापण दाखवा.’’ साडेदहाला आम्ही कोर्टाच्या आवारात होतो. पुकारा झाला तेव्हा ती उभी राहिली आणि स्वतः बोलली. घरात राहण्याचा अंतरिम आदेश तिला आणखी दोन तारखांनी मिळाला. तो तिने मिळवला, बटणाने नव्हे. बटणाने एवढंच केलं, की ती तिथे हजर होती.

वायरमन झालेली ती मुलगी आज इथे आली आहे. गाडीही बाहेर उभी आहे. चहा झाला की बॉनेट उघडणार आहोत. इंजिन थंड आहे. बांगड्या काढून या.