जमिनीखालचे थर



३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे आपण सारे सोलापुरात घराबाहेर धावलो होतो. त्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडलं. सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण लागला. त्याखाली गाळाचा पातळ थर, मग ग्रॅनाइट.

शेतकऱ्याला असं खोदून बघणं परवडत नाही. म्हणून बोअरआधी जमिनीत खुंट्या ठोकून, वीज सोडून थर मोजतात. ओल्या थरातून वीज सहज जाते, कोरड्या पाषाणातून नाही. पण चिकणमातीतूनही ती सहज जाते! मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून सांगते: त्याच आकड्यांतून संगणक दोन वेगळी चित्रं काढू शकतो. तेव्हा शेजारच्या विहिरीत दिसणारे थर आधी त्या चित्राशी ताडून बघा, मगच बोअरसाठी कर्ज काढा.